दुसरा खड्डा

माझ्या उजव्या हाताची अनामिका वरच्या पेरापाशी वाकडी आहे. भाजी निवडून घेताना किंवा कुणाच्या हातावर प्रसाद ठेवताना ती लोकांच्या नजरेस पडते आणि काय झालं होतं, असं कुणीतरी विचारतं. सॉफ्टबॉल लागला म्हटलं की समोरचा माणूस हसतो. सॉफ्ट म्हणजे मऊ, एवढं इंग्रजी आता सगळ्यांनाच येतं. मग मला सांगावं लागतं, की तो चेंडू मऊ नसतो. मोठ्या संत्र्याएवढा असतो, पिवळ्या कातड्याचा, लाल टाक्यांनी शिवलेला, आणि बोटाच्या टोकावर बसला तर बोट पुन्हा सरळ होत नाही.

नळदुर्गच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं क्रीडाशिक्षिका होते. स्वतः खो-खो खेळलेली. सॉफ्टबॉल मी नोकरीला लागेपर्यंत पाहिलासुद्धा नव्हता. एके वर्षी शाळेकडे खेळाच्या साहित्याचं एक पोतं आलं. त्यात चार बॅटा, डझनभर चेंडू, हातमोजे आणि कॅचरचा एक मुखवटा होता. मुख्याध्यापकांनी ते पोतं माझ्या स्वाधीन केलं आणि म्हणाले, बाई, एवढं आलंय तर संघ काढा. आमच्याकडचे बरेच खेळ असेच सुरू झालेले आहेत. आधी साहित्य येतं, मग नियमाचं पुस्तक शोधायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू टाकणारी ती पिचर. ती साधारण चाळीस फुटांवर जमिनीत पुरलेल्या दोन फूट रुंद पट्टीवर पाय ठेवून उभी राहते. हात विहिरीच्या रहाटासारखा पूर्ण गोल फिरवून मांडीजवळून, खालूनच, चेंडू सोडते. समोर बॅटर असते आणि तिच्या मागं मुखवटा घालून बसलेली कॅचर. चेंडू टप्पा न पडता बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात, आणि खालच्या पाचकोनी प्लेटच्या वरून गेला, किंवा तिनं बॅट फिरवून हुकवला, की ती स्ट्राइक. अशा तीन झाल्या की बॅटर बाद. पट्ट्याबाहेर गेला आणि तिनं बॅट फिरवली नाही, तर तो बॉल. असे चार झाले, की ती फुकटात पहिल्या बेसवर जाते. पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठत पुन्हा प्लेटवर, म्हणजे घरी, पोहोचली की एक धाव. बाकीचं सगळं यातून निघतं.

क्रिकेटमध्ये चेंडू जमिनीवर पडून वळतो. इथं जमीन मदतीला नाही. जे काय करायचं ते हवेत, डोळ्याची उघडझाप होईपर्यंतच्या वेळात. हे कसं होतं ते मला पुस्तकात वाचूनही कळत नव्हतं. ते मला आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कादरी सरांनी समजावलं. कादरी सर तेरचे. पायात कायम चपला, खिशात कायम खडू. त्यांनी एका चेंडूला मधोमध काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाले, आता टाका. पट्टी गरगर फिरताना दिसली.

“बाई, हवा काय रिकामी नसती,” ते म्हणाले. “हवा म्हंजे बी गर्दीच हाय. गर्दीतून सरळ चालणारा माणूस सरळ जातो. अंग फिरवत शिरला तर एका अंगाला ढकलला जातो. चेंडूचं बी तसंच.”

तेव्हापासून मी मुलींना तेच सांगत आले. चेंडू सोडताना बोटं टाक्यांवरून वर खेचली, तर तो पुढच्या दिशेनं लोळल्यासारखा फिरतो आणि प्लेटपाशी येऊन एकदम खाली बसतो. तो ड्रॉप. हात चेंडूच्या खालून नेऊन, दाराची मूठ पिळावी तसं मनगट पिळलं, तर तो उलटा फिरतो आणि वर चढल्यासारखा वाटतो. तो राइज. कादरी सर म्हणायचे, की तो खरं तर चढत नाही, फक्त आपल्या डोळ्याला जेवढा पडायला हवा वाटतो तेवढा पडत नाही. डोळा खाली, चेंडू वर, बॅट मधे. तिसरा चेंजअप. चेंडू तळहातात खोल धरायचा, हात तेवढ्याच वेगानं फिरवायचा, पण चेंडू मात्र रमतगमत जातो. जळकोटची सविता म्हणून एक बारीक मुलगी होती, तिला एवढा एकच चेंडू यायचा. तिच्यापुढं चांगल्या धिप्पाड मुली बॅट फिरवून मोकळ्या व्हायच्या आणि चेंडू नंतर यायचा. एकदा एक बॅटर चिडून मला म्हणाली, तुमच्या मुलीला नीट टाकायला सांगा. मी म्हटलं, ती नीटच टाकतेय.

पण मी लिहायला बसले ते महानंदासाठी.

महानंदा जळकोटच्या पलीकडच्या एका वस्तीवरून यायची. घरी शेती, आई-वडील दोघंही शेतात. घरात कानडी आणि बाहेर मराठी. आठवीत आली तेव्हाच वर्गात सगळ्यांत उंच होती आणि उंचीमुळं वाकून चालायची. हातात चेंडू दिला आणि कशी फेकते ते बघायला मी कॅचर होऊन बसले. तिसऱ्या चेंडूला माझं बोट गेलं. ती रडायला लागली. मी बोट ओल्या रुमालात गुंडाळलं आणि तिला सांगितलं, रडू नको, उद्या परत ये.

असा वेग मी आमच्या भागात पाहिला नव्हता. वर्षभरात जिल्ह्याच्या गावाला, तेव्हाच्या उस्मानाबादेला, तिनं समोरच्या संघाला धाव काढू दिली नाही. पुढं लातूरला विभागीय सामन्यांतही आम्ही जिंकलो. शाळेत पेढे वाटले. हायवेवरच्या ढाबेवाल्यानं संघाला फुकट जेवायला बोलावलं. मीही जरा ताठ चालायला लागले होते, हे कबूल करते.

ड्रॉप, राइज वगैरे तिला मी शिकवलंच नाही. गरज वाटली नाही. नुसत्या वेगानंच सगळ्या बाद होत होत्या.

आमचं मैदान मुरमाचं. पट्टीच्या पुढं पिचरचा मागचा पाय घासत जातो, तिथं एक चर पडतो. एके दिवशी सराव संपल्यावर मी तिथं गेले तर चर नव्हता. पट्टीला लागून एक खड्डा होता आणि तिथून हातभर पुढं दुसरा. दुसरा जास्त खोल. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. पुस्तकातलं पान मला पाठ होतं. पिचरनं पट्टीला रेटा देऊन एकच पाऊल पुढं टाकायचं. मागचा पाय उचलून पुढं टेकवला आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा दिला, तर तो चेंडू बेकायदा. कारण उघड आहे, तेवढा हातभर जवळून आणि दुप्पट जोरानं चेंडू येतो. महानंदाच्या वेगातला बराचसा भाग त्या दुसऱ्या खड्ड्यातून येत होता.

जिल्ह्याच्या आणि विभागाच्या सामन्यांत कुणी ते पकडलं नव्हतं. राज्यस्पर्धा तीन आठवड्यांवर होती. पायाची सवय मोडायला सहा महिने लागतात, आणि सवय मोडताना वेग जातो. हे सगळं मला त्या जागी उभ्या उभ्या कळलं. मी चपलेनं माती ओढली आणि दुसरा खड्डा बुजवला.

दुसऱ्या दिवशी सराव झाल्यावर पुन्हा बुजवला. मग रोजच.

राज्यस्पर्धा पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरात होती. गवताचं मैदान, आखलेल्या पांढऱ्या रेघा, बसायला सावली. पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. उपांत्यपूर्व सामन्यात मैदानावर एक अंपायर बाई होत्या, मध्यम वयाच्या, शांत. पहिल्याच डावात त्यांनी हात बाजूला करून खूण केली. बेकायदा चेंडू. त्यासाठी बॅटरला एक बॉल मिळतो, आणि त्या वेळच्या नियमानं बेसवर कुणी असेल तर ती एक बेस पुढं सरकायची.

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. मी हातानं चालू ठेव म्हटलं. तिनं पुढचा टाकला, पुन्हा खूण झाली. मी मैदानात गेले. अंपायर बाईंशी वाद घातला, की आमच्याकडं कुठंच हे दिलं गेलेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, तिथं दिलं नाही म्हणून ते बरोबर होत नाही, आणि हे तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर महानंदाला पाय कुठं ठेवावा तेच कळेना. पाय घासत नेला की चेंडू प्लेटच्या अलीकडं टप्पा खायचा. पाय उचलला की खूण. एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती, ती बेकायदा चेंडूवर चालत घरी आली. पळतसुद्धा नव्हती, चालत. अशा दोन धावा गेल्या. आम्ही सामना मोठ्या फरकानं हरलो.

सामना संपल्यावर मंडपात आमच्या विभागाच्या इतर शाळांचे शिक्षक होते. त्यांतल्या एकानं सगळ्यांच्या देखत मला विचारलं, बाई, एवढी साधी चूक तुमच्या लक्षात कशी आली नाही?

मी म्हणाले, “मी तिला कितीदा सांगितलं. ऐकतच नाही ती.”

महानंदा माझ्या मागं, पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. हातातला पेला तसाच धरून. मी वळले तेव्हा तिनं पेला ठेवला आणि मुलींमध्ये जाऊन बसली. परतीच्या प्रवासात ती कुणाशी बोलली नाही. मीही बोलले नाही.

ती शाळेत येत राहिली, मैदानावर मात्र येईनाशी झाली. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. मी निरोप धाडला, तर अभ्यास आहे असं उत्तर आलं. कादरी सरांना मी मंडपातलं सगळं सांगितलं. खड्ड्याचंही सांगितलं. मला वाटलं ते समजूत काढतील. ते खडू झटकत म्हणाले, बाई, मला सांगून काय फायदा? जिला सांगायचं तिचं घर तुमाला ठाऊक हाय.

रविवारी मी जळकोटची एसटी धरली आणि तिथून वस्तीपर्यंत चालत गेले. अंगणात तूर वाळत घातली होती. महानंदाची आई काठीनं ती बडवत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला, “बर्री बाई, कूडरी,” म्हणून कानडीत या-बसा केलं आणि पोतं अंथरलं. महानंदा घरातून तांब्या घेऊन आली. तिनं पाणी दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

आईला वाटलं मी तक्रार घेऊन आले. ती म्हणाली, पोरीचं चुकलं असंल तर माफ करा, ती घरात बी सांगंना काय झालं ते.

“तिचं नाही चुकलं,” मी म्हटलं. “माझं चुकलं. तिचा पाय चुकतोय हे मला आधीपासून दिसत होतं. मी तिला एकदाही सांगितलं नाही. आणि लोकांपुढं खोटं बोलले, की सांगितलं होतं.”

आई माझ्याकडं बघत राहिली. शिक्षकानं असं काही बोलायचं असतं, हे बहुतेक तिला पटत नव्हतं. महानंदा खाली तुरीकडं बघत होती. मग ती म्हणाली, “बाई, तुमी सराव झाल्यावर पायानं माती सारत होता. मी सायकलपशी उभी राहून बघत हुते. मला वाटलं बाईच बुजवत्यात, म्हंजे चालत असंल.”

पोत्याच्या कडेला काढलेल्या माझ्या चपलांकडं माझी नजर गेली.

तिच्या आईनं चहा केला. चहा पिऊन होईपर्यंत मी एवढंच सांगितलं, की परत यायचं का नाही ते तुझं तू ठरव. आलीस तर पहिल्यापासून सुरू करू. वेग जाईल. दुसऱ्या गोष्टी येतील का नाही, ते मलाही माहीत नाही.

ती सोमवारी आली नाही. मंगळवारी आली.

पुढचे दहा-अकरा महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले होते, असं मला आता वाटतं. पहिले दोन महिने तिनं पूर्ण अंतरावरून एकही चेंडू टाकला नाही. दहा फुटांवरून, नुसतं मनगट. काळ्या पट्टीचा चेंडू. पट्टी डगमगली तर फिरकी वाकडी, सरळ चकतीसारखी दिसली तर बरोबर. कादरी सर मधल्या सुट्टीत येऊन झाडाखाली बसायचे आणि मोजायचे. पायासाठी मी पट्टीच्या पुढं भुसा पसरला. पाय घासत गेला की एकसंध रेघ उमटायची, उचलला की रेघ तुटायची. माती सारायची सवय मला लागली होती, म्हणून भुसा तीच सारखा करायची.

वेग गेला, मी म्हटलं होतं तसाच. शाळेतल्याच मुली तिचा चेंडू मारायला लागल्या. जिच्या चेंडूला कुणी बॅट लावू शकत नव्हतं, तिचा चेंडू सातवीतली पोर मारते, हे तिनं कसं सोसलं ते तिलाच ठाऊक. एकदा ती मैदानाच्या कडेला पाठ करून बसली. मी जवळ गेले नाही. दहा मिनिटांनी ती उठून आली आणि म्हणाली, बाई, कोपऱ्यावर कसा टाकायचा ते दाखवा.

इथून कोनांचा अभ्यास सुरू झाला. कोनांबद्दल सांगायला मला आवडतं. पिचरची पट्टी दोन फूट रुंद असते. बहुतेक मुली मधोमध उभ्या राहून आयुष्य काढतात. पण उजव्या हाताची बॅटर समोर असेल आणि पिचर पट्टीच्या उजव्या टोकावर गेली, तर चेंडू बॅटरच्या अंगावर येतोय असं वाटतं आणि तो तिरपा होऊन लांबच्या कोपऱ्याकडं निघून जातो. डाव्या टोकावरून टाकला तर बाहेरचा वाटतो आणि शेवटी तिच्या हातांशी येतो. चेंडू तोच, वेग तोच, फक्त निघायची जागा बदलली. त्यात फिरकी मिसळली की बॅटरच्या डोळ्याला दोन हिशेब एकदम करावे लागतात, आणि वेळ एकालाही पुरत नाही.

मी दोन बांबू रोवून मधे दोऱ्या बांधल्या आणि एक चौकट केली. प्लेटच्या वर जेवढी स्ट्राइकची जागा तेवढीच. चौकटीच्या मधोमध मी एक तांबडी चिंधी बांधली आणि महानंदाला सांगितलं, या चिंधीला चेंडू कधीच लागता कामा नये. मधला चेंडू बॅटरचा, कडेचे चेंडू आपले. पहिल्या दिवशी चिंधीला कितीतरी वेळा लागला. दिवाळीनंतर कधीमधीच लागायचा.

आणखी एक गोष्ट तिला आपोआप आली, जी मी कुणालाच शिकवू शकले नाही. तिचा ड्रॉप, राइज आणि चेंजअप हातातून सुटताना एकसारखेच दिसायचे. अर्ध्या वाटेपर्यंत तिन्ही एकाच रस्त्यानं जायचे. बॅटरला निर्णय त्या अर्ध्या वाटेतच घ्यावा लागतो, आणि फाटा त्यानंतर फुटायचा.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा राज्यस्पर्धेला गेलो. आता महानंदाकडं बघून कुणी घाबरत नव्हतं. सरावात तिचा चेंडू पाहून दुसऱ्या संघाच्या मुली एकमेकींना कोपर मारायच्या. सामन्यात मात्र त्यांचे फटके एक तर जमिनीवर सरपटत आमच्याच मुलींकडं यायचे, नाही तर सरळ वर उडायचे. आम्ही उपांत्य सामन्यात पोहोचलो. समोर ज्या शहरात स्पर्धा होती त्याच शहराचा संघ. प्लेटमागं मागच्या वर्षीच्याच अंपायर बाई. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली. मीही हलवली.

कोणता चेंडू टाकायचा ते त्या काळी मी बाकावरून ठरवायचे. बोटांनी खूण करायची, आमची कॅचर रेश्मा ती बघून महानंदाला खूण द्यायची. सगळे शिक्षक असंच करतात. मुलींवर सोडलं तर मुली गोंधळतात, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

सातवा, शेवटचा डाव. आमची एक धाव जास्त. त्यांच्या दोन बाद, तिसरी बाद झाली की सामना संपला. तिसऱ्या बेसवर त्यांची मुलगी, आणि प्लेटवर त्यांची सगळ्यांत चांगली बॅटर. रुंद खांद्यांची, उजव्या हाताची. त्या दिवशी तिनं आधी दोनदा महानंदाचा चेंडू मारला होता. तिचा एक फटका कुंपणापाशी पडला होता.

पहिला चेंडू पट्टीच्या उजव्या टोकावरून, बाहेरच्या कोपऱ्यावर. तिनं तो बघत सोडला. स्ट्राइक. दुसरा ड्रॉप, गुडघ्याखाली बसला, तिनं बॅट अर्धी काढून थांबवली. बॉल. तिसरा पुन्हा ड्रॉप, तो तिनं मारला. फटका जोरदार होता, पण रेषेबाहेर गेला, आणि असा फटका स्ट्राइकच धरतात. दोन स्ट्राइक.

मी चेंजअपची खूण केली. मला पूर्ण खात्री होती. दोन ड्रॉप बघून ती आता घाईत होती, हळू चेंडूवर ती बॅट आधीच फिरवणार. रेश्मानं खूण पुढं दिली.

महानंदानं मान हलवली. नाही.

मला वाटलं तिला नीट दिसलं नाही. मी पुन्हा केली. तिनं पुन्हा नाही म्हटलं. रेश्मानं मुखवट्यातून माझ्याकडं पाहिलं. अंपायर बाईही थांबल्या होत्या. एवढ्या वर्षांत मला कुठल्या मुलीनं नाही म्हटलेलं नव्हतं, आणि माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही, की हरलो तर लोक म्हणतील, बाईंचं मुली ऐकत नाहीत. मंडपातलं माझंच वाक्य मला आठवलं. मी हात खाली घेतला.

महानंदा पट्टीच्या डाव्या टोकावर सरकली. हात गोल फिरला, मागचा पाय घासत गेला, चेंडू गुडघ्याच्या रस्त्यानं निघाला. तिसराही ड्रॉपच येतोय असं समजून त्या मुलीनं बॅट खाली नेली. चेंडू पडलाच नाही. तिच्या कोपरापाशी, छातीच्या रेषेला, बॅटच्या वरून गेला आणि रेश्माच्या हातमोज्यात आवाज करून बसला. अंपायर बाईंनी मूठ वर केली.

मुली धावत सुटल्या. मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं महानंदा पाणी प्यायला आली, तेव्हा मी विचारलं, नाही का म्हणालीस?

“ती फुडं सरकली हुती, बाई,” ती म्हणाली. “दुसऱ्या ड्रॉपनंतर. अर्धी वीत आसंल. ड्रॉप बसायच्या आधी मारायचा म्हणून. तिथं हळू चेंडू दिला आसता तर तिला तेच पाहिजे हुतं. जवळ आल्यावर तिला वेळ कमी, म्हणून वरचा टाकला.”

मी बाकावर होते, बाजूला. तिथून तिचे पाय मला दिसायला हवे होते. मी चेंडू बघत होते. मान हलली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण मला वर्षभर वाटत होतं, की माझ्याकडून तिला काहीतरी परत द्यायचं राहिलं आहे. ते काय, हे मला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांवर तिनं एकदा विश्वास टाकला होता आणि मी तो फुकट घालवला होता. आता तिला स्वतःचे डोळे आले होते. माझं काम त्यांच्या आड न येणं एवढंच उरलं होतं.

अंतिम सामन्याच्या सकाळी मी रेश्मा आणि महानंदाला बोलावलं आणि सांगितलं, आज खुणा तुमच्या तुम्ही ठरवा. रेश्मा घाबरली. महानंदा नुसतं बरं म्हणाली. पूर्ण सामना मी बाकावर हात मांडीत घेऊन बसले. दोन्ही हात आपोआप उचलले जायचे आणि मी ते परत खाली ठेवायचे. शेजारी बसलेल्या राखीव मुलीनं एकदा विचारलं, बाई, थंडी वाजतीय का?

आम्ही तो सामना हरलो, एका धावेनं. सहाव्या डावात एक फटका आमच्या दोन मुलींच्या मधून गेला आणि दोघींनाही पोहोचता आलं नाही. संपूर्ण स्पर्धेत एकदाही बेकायदा चेंडूची खूण झाली नाही. बक्षीस देताना अंपायर बाई महानंदाशी काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

परतताना एसटीत मुली गाणी म्हणून दमल्या आणि एकेक करून झोपल्या. महानंदा माझ्या शेजारच्या बाकावर, खिडकीपाशी. सोलापूर मागं पडलं होतं, बाहेर ट्रकांची रांग. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “बाई, सहाव्या डावात तुमी कुठला टाकायला सांगितला आसता?”

मी विचार केला. तिला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही, हे ठरवलं. ती बॅटर डोळ्यांसमोर आणली, तिची उभं राहायची जागा, बॅटचं टोक, पाय.

“ड्रॉप,” मी म्हटलं. “बाहेरच्या कोपऱ्यावर.”

“मीबी त्योच टाकला,” ती म्हणाली.

“माहीत आहे. बघितला मी. चांगला बसला होता.”

“तरीबी मारलं तिनं.”

“मारलं,” मी म्हटलं. “तीही बघत होती.”

महानंदा हसली. मग तिनं डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं, आणि नळदुर्गचा फाटा येईपर्यंत त्या मुलीला आणखी काय टाकता आलं असतं, याच्यावर आम्ही बोलत राहिलो.